पांढरीतील खापर आणि कुंभाराचे चाक

(प्रवरा खोऱ्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि कारागीर यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राचीन लिपी व चिन्हे यांपासून स्फूर्ती घेऊन घडविलेली मातीकला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून आपल्यापैकी काहींना मोठ्या शहरांतील कलादालने आठवली असतील. तेथे काचेच्या कपाटात ठेवलेल्या मातीच्या पात्रांवर जुनी अक्षरे, पुरातन आकृती रेखाटलेल्या दिसतात आणि त्यांची किंमत ऐकून सामान्य माणूस दोन पावले मागे सरतो. परंतु या विषयाचे मूळ शोधीत गेल्यास ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, आपल्या पायाखालच्या मातीत सापडते. दायमाबाद, जोर्वे आणि नेवासे ही तिन्ही गावे प्रवरेच्या काठची. भारताच्या प्राचीन इतिहासावरील कोणत्याही जाणत्या ग्रंथात त्यांची नावे आढळतात. ती प्रसिद्धीस आली ती मुख्यतः मातीच्या भांड्यांमुळे. मला आज इतकेच सांगावयाचे आहे की, ही भांडी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मातीकलेचे मूळ पुस्तक आहे. त्या पुस्तकापासून आजच्या कुंभाराने आणि विद्यार्थ्याने अवश्य शिकावे. पण पुस्तकाची पाने फाडून कोणी शिकू नये.

पांढरी म्हणजे काय?

'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द आपणास नव्याने सांगण्याची गरज नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरीची माती पांढरट का असते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुली पेटल्या, गुरे बांधली गेली, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांच्यावर नव्या भिंती उठल्या. त्या राखेचा, शेणाचा, हाडांचा आणि पडक्या भिंतींचा थरावर थर साचून पांढरीचे टेकाड तयार होते. म्हणूनच ही माती पिकाला मानवते, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी ती खणून शेतात टाकीत आला. पूर्वी हे काम कुदळ-पाटीने होई. आज यंत्राने खणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरल्या जातात आणि जे टेकाड उभे राहण्यास दीड हजार वर्षे लागली ते एका उन्हाळ्यात सपाट होऊ शकते.

या मातीत पावलोपावली खापरे सापडतात. लाकूड कुजते, कापड विरते, धातू वितळवून पुन्हा वापरला जातो; परंतु एकदा भाजलेले खापर कुजत नाही आणि त्याचा पुन्हा चिखलही होत नाही. घरातील सर्वांत स्वस्त वस्तू इतिहासात सर्वांत जास्त टिकते. ज्या काळाचा लेखी पुरावा नाही, त्या काळाचे कालमापन पुरातत्त्वज्ञ बव्हंशी खापरांच्या आधारानेच करीत आले आहेत.

दायमाबादची अक्षरे

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबादचे टेकाड आहे. बो. प. बोपर्डीकर यांनी ते १९५८ साली प्रथम प्रकाशात आणले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथे तीन वेळा उत्खनन केले. पहिले १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे यांनी, दुसरे १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि तिसरे १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांनी केले. साळी यांचा सविस्तर अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला.

या उत्खननांतून एकावर एक अशा पाच वस्त्या उघड झाल्या. सर्वांत खाली सावळदा संस्कृतीची वस्ती असून तिचा काळ सुमारे इ. स. पू. २२०० ते २००० असा आहे. तिच्यावर उत्तर हडप्पा काळाची वस्ती, सुमारे इ. स. पू. २००० ते १८०० ची. त्यानंतर अनुक्रमे दायमाबाद, माळवा आणि जोर्वे या संस्कृतींच्या वस्त्या येतात. शेवटची जोर्वे वस्ती इ. स. पू. १००० च्या सुमारास संपली. म्हणजे सुमारे बाराशे वर्षांच्या मानवी जीवनाचे हे टाचण प्रवरेने सांभाळून ठेविले होते.

यांतील दुसऱ्या वस्तीत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सापडली. तेथे भाजलेल्या मातीच्या, गुंडीच्या आकाराच्या दोन मुद्रा आणि चिन्हे कोरलेली चार खापरे मिळाली. ही चिन्हे सिंधू संस्कृतीच्या लिपीतील आहेत. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील मुद्रांवर जी लिपी दिसते, तिचे अंश दख्खनच्या काळ्या जमिनीत, आपल्या प्रवराकाठी आढळले. उत्तर हडप्पा वस्त्यांपैकी आजवर ज्ञात असलेली दायमाबाद ही अगदी दक्षिणेकडची वस्ती होय. महाराष्ट्राच्या मातीवर उमटलेली सर्वांत जुनी ज्ञात अक्षरे मातीच्याच वस्तूंवर आहेत, ही गोष्ट आपल्या कुंभारांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. ताम्रपट आणि शिलालेख त्यानंतर कितीतरी शतकांनी आले.

खूण कोणी केली?

भांड्यावरची खूण पाहून तिच्याविषयी पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही खूण भांडे भाजण्यापूर्वीची की भाजल्यानंतरची? याचे उत्तर देण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही, डोळा लागतो. ओल्या मातीवर काडीने रेघ ओढली तर माती बाजूला सरकते, रेघेच्या कडेला बारीकसा उंचवटा राहतो आणि रेघेचा तळ गुळगुळीत असतो. भाजलेल्या भांड्यावर टोकदार हत्याराने ओरखडा काढला तर त्याच्या कडा तुटक असतात आणि वरचा रंग खरवडला जाऊन आतील फिकट माती दिसते. पहिली खूण बहुधा घडविणाऱ्याची असते. दुसरी बहुधा वापरणाऱ्याची.

वापरणाऱ्याने खूण कशासाठी करावी, हे मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपली रीत आहे. कार्यासाठी भांडी एकमेकांकडे जातात आणि परत येताना नाव पाहून ओळखली जातात. ज्याला लिहिता येत नव्हते तो काय करी? तो एक फुली मारी, त्रिशूळ काढी, शिडी काढी किंवा दोन आडव्या रेघा ओढी. ताम्रपाषाण युगापासून महापाषाण युगापर्यंतच्या भारतीय खापरांवर अशा खुणा विपुल आढळतात. पुरातत्त्वज्ञ ब्र. बा. लाल यांनी १९६० साली त्यांची तुलना सिंधू लिपीतील चिन्हांशी केली आणि त्यांतील पुष्कळ खुणांचा आकार सारखा असल्याचे दाखवून दिले. आकार सारखा असला म्हणजे अर्थही सारखाच असतो असे नव्हे. परंतु खूण करण्याची सवय लिपीच्या शेजारी नांदत होती, एवढे निश्चित म्हणता येते.

जोर्व्याची रेषा

अक्षरे थोडी सापडली, चित्रे मात्र भरपूर सापडली. सावळदा संस्कृतीच्या भांड्यांवर बाण, गळ, मासे मारण्याचे भाले अशी नित्याच्या वापरातील हत्यारे रंगविलेली आढळतात. आपल्या हातातील वस्तूच भांड्यावर चितारण्याची ही कल्पना आजही ताजी वाटते.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले. त्यानंतर महाराष्ट्रात अशाच प्रकारच्या भांड्यांच्या दोनशेहून अधिक वस्त्या आढळल्या आणि त्या सर्व संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननाने अश्मयुगीन हत्यारांपासून पुढील ऐतिहासिक काळापर्यंतची परंपरा एकाच गावात दाखवून दिली.

जोर्वे भांड्यांची माती बारीक मळलेली असते. ती चाकावर घडविलेली, पातळ आणि चांगली भाजलेली आहेत. बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो. त्याच रीतीने जोर्वे भांड्यावर टिचकी मारली, तर धातूच्या भांड्यासारखा नाद येतो. लालसर किंवा नारिंगी पृष्ठभागावर काळ्या रंगाने रेघा काढलेल्या आहेत. समांतर रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, नागमोड, शिडी, एवढीच त्या चित्रकाराची सामग्री. भांड्यांचे आकारही मोजके आहेत : कमरेत धार असलेला वाडगा, लांब तोटीचे पात्र, गोल पोटाचा गडू.

या कामामागील ज्ञान समजून घेण्यासारखे आहे. मातीतील लोह भट्टीतील मोकळ्या हवेत तापले की लाल होते. हवा कोंडून धूर आत राहिला तर तीच माती काळी पडते. रंगासाठी लोह आणि मँगनीज असलेले दगड उगाळीत. हा रंग भाजण्यापूर्वी लावल्यामुळे तो आगीत मातीशी एकजीव झाला आणि तीन हजार वर्षे पुसला गेला नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात जे प्रदीर्घ उत्खनन झाले, त्यात जोर्वे काळातील कुंभाराची गोल भट्टीच मिळाली. त्या कुंभाराला रसायनशास्त्र हा शब्द ठाऊक नव्हता. पण आग, हवा आणि माती यांचा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता.

हे काम करणाऱ्यांना आपण अनोळखी मानण्याचे कारण नाही. संक्रांतीच्या सुगडावर हळदीकुंकवाची उभी बोटे ओढली जातात. नवरात्रात घट बसतो. चैत्रात अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते. पोळ्याला मातीचे बैल पाटावर बसतात. या चालींचा जोर्व्याशी थेट वंश जोडण्याचा पुरावा आपल्यापाशी नाही आणि तसा दावा मी करीत नाही. परंतु भांडे ही केवळ साठवणीची वस्तू नसून त्यावर रेघ ओढल्याने त्याला अर्थ प्राप्त होतो, ही जाण आपल्या घरात आजही जिवंत आहे. नव्या मातीकलेला याहून भक्कम पाया कोणता हवा?

दूरदेशीची एक कुंभारीण

जुन्या खापरांपासून नवी कला उभी राहू शकते काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या कोरड्या पठारावरील एका खेड्याने दिले आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या होपी-तेवा समाजात नाम्पेयो नावाची एक कुंभारीण होऊन गेली. तिचे निधन १९४२ साली झाले. तिच्या गावापासून जवळच सिक्यात्की नावाचे एक फार पूर्वी उजाड झालेले गाव होते आणि त्याच्या आवारात रंगीत खापरे विखुरलेली होती. १८९५ साली तेथे फ्यूक्स नावाच्या संशोधकाने उत्खनन केले. नाम्पेयोचा पती त्या कामावर मजूर होता. नाम्पेयोने जुन्या भांड्यांचे आकार आणि त्यांवरील पक्ष्यांच्या पिसांची, पंखांची चिन्हे न्याहाळली. आधी तिने जशीच्या तशी नक्कल केली, मग हळूहळू त्या चिन्हांतून स्वतःची मांडणी तयार केली. तिच्या भांड्यांना मागणी आली. तिच्या मुली आणि नाती तेच काम करू लागल्या आणि तो वारसा आजही चालू आहे.

या हकिकतीत एक धोक्याची सूचनाही आहे. नाम्पेयोचा हात इतका तयार होता की तिची नवी भांडी जुनी म्हणून विकली जातील, अशी भीती खुद्द फ्यूक्स यांनाच वाटू लागली. पुढे भांड्यांवर घडविणाऱ्याचे नाव घालण्याची पद्धत त्या भागात रूढ झाली. नव्या वस्तूवर आपले नाव असणे हा त्या कुंभारिणींचा मान ठरला आणि गिऱ्हाइकाचीही फसवणूक टळली.

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता. १८७० नंतरच्या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झिलईच्या भांड्यांचे काम सुरू झाले आणि त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती उतरविण्यात आल्या. ती भांडी देखणी होती. परंतु तो उद्योग कलाशाळेच्या आश्रयाने वाढला आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः शहरातील व परदेशातील होते. खेड्यातील कुंभाराच्या आव्यापर्यंत तो पोहोचला नाही. दोन्ही उदाहरणांची तुलना केली तर दिसते की, जेथे जुन्या खापराचे गाव आणि नव्या कुंभाराचे गाव शेजारी शेजारी होते, तेथे कला घराण्याची झाली. प्रवराकाठी ही शेजारगावे आजही आहेत.

न वाचलेल्या लिपीपुढे संयम

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. सिंधू लिपी अद्याप वाचली गेलेली नाही. तिची सुमारे चारशे चिन्हे वेगळी काढण्यात आली आहेत. इरावतम् महादेवन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत ४१७ चिन्हे आहेत. ही लिपी बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत आणि एका लेखात सरासरी पाचच चिन्हे असतात. इतक्या आखूड मजकुरावरून भाषा ओळखणे अत्यंत कठीण असते. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने ही लिपी उलगडणाऱ्यास दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले, यावरूनच प्रश्न किती अवघड आहे हे ध्यानात यावे.

असे असताना एखाद्या थाळीवर सिंधू चिन्ह काढून त्याखाली 'समृद्धीचे चिन्ह' किंवा 'शांतीचा मंत्र' असे लिहून ती विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला आणि पूर्वजांनाही फसविणे होय. चिन्ह सुंदर आहे म्हणून ते काढावे आणि खाली प्रामाणिकपणे लिहावे की, हे दायमाबाद येथे आढळलेल्या लिपीतील चिन्ह असून त्याचा अर्थ अद्याप ठाऊक नाही. या वाक्याने वस्तूचे मोल कमी होत नाही. उलट, ती हातात घेणाऱ्या मुलाच्या मनात एक प्रश्न उत्पन्न होतो आणि प्रश्न उत्पन्न करणे हे शिक्षणाचे निम्मे काम आहे.

ज्यांना अर्थपूर्ण अक्षरेच हवी असतील, त्यांच्यासाठी या जिल्ह्यात वाचता येणाऱ्या लेखनाचीही उणीव नाही. नेवाशाच्या ज्या पैसाच्या खांबाशी ज्ञानेश्वरांची स्मृती निगडित आहे, त्यावर दानाचा कोरीव लेख आहे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रांचा संग्रह आहे. लेखणी न उचलता ओढलेली मोडीची वळणदार ओळ ओल्या मातीवर काडीने फारच शोभून दिसते. आणि तिच्यात काय लिहिले आहे ते खाली देवनागरीत देता येते.

शाळेतील मातीकाम

शिक्षकांना माझी विनंती अशी की, हा विषय इतिहासाच्या तासाला केवळ वाचून दाखवू नये, तो हाताने शिकवावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत त्यांनी स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे असे सुचविले आहे. त्या कारागिरांत कुंभाराचा उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. तेव्हा गावच्या कुंभाराला शाळेत सन्मानाने बोलावण्यास आता वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही.

काम सोपे आहे. पहिल्या दिवशी मुलांनी चाळलेली माती भिजवावी, तुडवावी, मळावी. दुसऱ्या दिवशी मातीच्या वळ्या एकावर एक रचून लहान वाडगा किंवा गडू करावा. चाक सर्वांना मिळणार नाही, त्याची गरजही नाही. माती चामड्यासारखी घट्ट झाली की त्यावर गेरूचा पातळ हात द्यावा, बाभळीच्या काट्याने किंवा बोरूने जोर्व्याच्या रेघा काढाव्यात. एक आठवडा सावलीत वाळवून ती भांडी कुंभाराच्या आव्यात भाजण्यास द्यावीत. काही तडकतील, काही धुराने काळी होतील. ती का तडकली, का काळी झाली, याचा शोध घेताना मुले हवा, उष्णता आणि लोह यांविषयी जे शिकतील, ते विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातून इतके चांगले समजणार नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर मात्र तैलरंग किंवा शिसे असलेली झिलई लावू नये. शिसे अन्नात उतरते आणि ते विषारी आहे.

नमुन्यासाठी मुलांना टेकाडावर खापरे वेचण्यास पाठवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. उत्खननांच्या छापील अहवालांत भांड्यांची मापात काढलेली शेकडो रेखाचित्रे आहेत. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाच्या संग्रहालयात जोर्वे, नेवासे, इनामगाव येथील मूळ भांडी पाहावयास मिळतात. सहल काढावयाचीच असेल तर ती तेथे न्यावी. टेकाडावर नेल्यास खापर जागच्या जागी पाहावे, त्याचे चित्र काढावे आणि ते तसेच ठेवून यावे.

जागेचे मोल

खापर जागच्या जागीच का ठेवावे, याचे सर्वांत मोठे उदाहरण दायमाबादनेच दिले आहे. १९७४ साली तेथे झुडपाच्या मुळाशी खणताना एका स्थानिक रहिवाशाला चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या : बैलजोडी जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. भारतीय धातुशिल्पात या मूर्तींना फार मोठे स्थान आहे. तरीही त्या नेमक्या केव्हाच्या, यावर विद्वानांचे पूर्ण एकमत झालेले नाही. अनेकांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या, तर काहींनी धातूच्या घटकांवरून शंका उपस्थित केली. या मतभेदाचे मूळ असे की, त्या शास्त्रीय उत्खननात, ठराविक थरात सापडल्या नव्हत्या. शोधणाऱ्याचा त्यात काहीच दोष नाही. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : इतकी मौल्यवान वस्तू हाती येऊनही तिच्याभोवतीचा थर नोंदला गेला नसेल, तर ती आपले वय निर्विवादपणे सांगू शकत नाही. याउलट, थरात सापडलेले चार लहान खापरांचे तुकडे आपला काळ सांगू शकतात.

पंचायतीचे काम

म्हणून ग्रामपंचायत सदस्यांना तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या हद्दीत पांढरीचे जुने टेकाड असल्यास त्याची नोंद ग्रामसभेच्या ठरावाने करावी आणि तेथील माती किंवा मुरूम उचलण्यास कोणी परवानगी मागितल्यास ही नोंद तहसीलदारांच्या निदर्शनास आणून द्यावी. दुसरी, नांगरताना वा पाया खणताना नाणी, मूर्ती, मुद्रा असे काही आढळल्यास काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना व पुरातत्त्व विभागाला कळवावे. १८७८ च्या निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास ते कळविणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तुविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे वा कलावस्तू पुरावस्तू ठरते. कायद्याचा धाक दाखविण्यापेक्षा ही माहिती आधीच गावात पोहोचविणे अधिक हिताचे. तिसरी, आपल्या कुंभाराला काम द्यावे. पंचायतीच्या कार्यालयाची पाटी, शाळेच्या भिंतीवरील फरशा, पाहुण्यांना द्यावयाची भेटवस्तू, या गोष्टी बाहेरून विकत आणण्याऐवजी गावच्या मातीत, जोर्व्याच्या रेषेने सजवून का करू नयेत?

कुंभाराची स्थिती आपण सर्व जाणता. प्लास्टिक आणि पोलाद यांनी मडक्याचे गिऱ्हाईक नेले. चांगली माती मिळविण्यास अडचणी येतात, जळण महाग झाले. वर्षातून संक्रांत, घटस्थापना आणि दिवाळी एवढ्याच दिवसांत त्याच्या दारी गर्दी असते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमाखाली विजेवर चालणारी चाके देण्यास सुरुवात केली, त्यामुळे श्रम कमी झाले. परंतु चाक वेगाने फिरले म्हणून माल खपतो असे नाही. स्वस्त पणतीशी स्पर्धा करताना कुंभार नेहमीच हरतो, कारण साच्यातील पणती त्याहून स्वस्त असते. ज्या वस्तूवर आपल्या गावाची, आपल्या नदीची ओळख आहे, ती मात्र दुसरीकडून येऊ शकत नाही.

एवढ्यावरून उद्या सर्व कुंभारांची ददात मिटेल असे मी म्हणणार नाही. सर्वांनाच रेखीव काम जमेल असेही नाही. पण तालुक्यात दोन-चार हात जरी या कामात तयार झाले, त्यांच्या भांड्यांच्या बुडाशी त्यांचे नाव, गाव आणि साल कोरलेले असले आणि ती भांडी नवी म्हणूनच मानाने विकली गेली, तरी एक सुरुवात होईल. जुने खापर पांढरीत सुरक्षित राहील आणि त्यावरची रेघ नव्या भांड्यावर उतरेल.

बंधुभगिनींनो, दायमाबादच्या खापरावर चिन्ह कोरणाऱ्या माणसाने काय लिहिले ते आज आपणास वाचता येत नाही. पुढेमागे कोणी ते वाचील. परंतु तो दिवस उजाडेल तेव्हा वाचण्यासाठी खापरे आणि त्यांचे थर शिल्लक असले पाहिजेत, आणि ते सांभाळणे हे आपल्या ग्रामपंचायतींच्या व शाळांच्या हाती आहे. आपण ते काम मनावर घ्याल असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.